बंधारा काढण्याचा हिशेब

बंधारा बांधल्याच्या हकीकती आपण पुष्कळ ऐकतो. पाणी अडते, शिवार भिजते, गावाला चार पैसे मिळतात. आज एक बंधारा विचारपूर्वक काढून टाकल्याची हकीकत ऐका. ती अमेरिकेतील मेन या राज्यातली आहे.

या राज्यातून केनेबेक नावाची नदी वाहते आणि अटलांटिक महासागराला मिळते. समुद्रातले मासे अंडी घालण्यासाठी हिच्या प्रवाहात उलटे चढून येत. आपला पाला मासा असतो ना, त्याच्याच कुळातला शॅड, त्याचा धाकटा भाऊ शोभावा असा एलवाइफ, शिवाय सामन आणि भला दांडगा स्टर्जन. जन्म गोड्या पाण्यातला, वाढ खाऱ्या पाण्यातली. वाट अडली की वंश खुंटला.

१८३७ साली ऑगस्टा शहरी ही वाट अडली. नदीवर ९१७ फूट लांब आणि २४ फूट उंच असा बांध पडला. पाण्याच्या जोरावर लाकूड कापण्याचे कारखाने चालले, पुढे कापडाची गिरणी उभी राहिली. कितीतरी घरच्या चुली त्यावर पेटल्या, हे विसरून चालणार नाही. पण वरच्या अंगाच्या कोळ्यांची जाळी मात्र रिकामी राहू लागली. कालांतराने गिरणीही गेली. बांधाला काम उरले ते साडेतीन मेगावॉट वीज करण्याचे. राज्याच्या एकूण विजेत तिचा वाटा हजारात एकाहूनही कमी!

आता कायद्याची गोष्ट बघा. तिकडे अशा बांधाला मुदतीचा परवाना असतो. १९८६ साली कायद्यात दुरुस्ती झाली, की परवाना देताना विजेइतकाच माशांचा आणि नदीचाही विचार व्हावा. १९८९ साली नदीप्रेमी आणि मासेमारी संस्थांनी एकजूट केली. १९९३ साली परवान्याची मुदत संपली. मालकाला नवा परवाना हवा होता. सरकारी नियामक मंडळाने दोन्ही बाजूंचा जमाखर्च मांडला. माशांसाठी पायऱ्यांची वाट बांधायची, तर बांध काढण्यापेक्षा तीच महाग पडत होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये मंडळाने परवाना नाकारला आणि बांध काढण्याचा हुकूम दिला. मालकाच्या मर्जीविरुद्ध असा हुकूम त्या देशात पहिलाच.

तुम्ही म्हणाल, पाडायला काय लागते? चार सुरुंग लावले की झाले! तसे नाही. १९७३ साली हडसन नदीवरचा फोर्ट एडवर्डचा बांध काढला, तेव्हा त्यामागे साठलेला कारखान्यांच्या विषारी रसायनांचा गाळ खाली वाहत गेला आणि मैलोगणती नदी नासली. बांधामागे पाण्याबरोबर गाळही कोंडलेला असतो. त्यात काय आहे, तो कोठे जाईल, हे आधी पाहावे लागते.

दुसरा प्रश्न पैशाचा. १९९८ साली सर्वांनी मिळून करार केला. नदीच्या मुखाजवळच्या जहाजबांधणी कारखान्याने आणि वरच्या धरणांच्या मालकांनी मिळून सुमारे ७२ लाख डॉलर दिले. त्या बदल्यात कारखान्याला विस्तार करता आला, आणि वरच्या मालकांना आपल्या धरणांवर माशांची वाट करण्यास सवड मिळाली. बांध राज्य सरकारच्या ताब्यात आला.

मग माती-दगडांचा एक तात्पुरता बांध घालून त्याच्या आडोशाने मूळ बांधाचा एक भाग काढला. १ जुलै १९९९ रोजी हा तात्पुरता बांध यंत्राने फोडला. काठावर माणसांची दाटी झाली होती, देवळांच्या घंटा वाजत होत्या. १६२ वर्षांनी नदी मोकळी वाहिली. उरलेला बांध त्याच वर्षी निघाला.

वॉटरव्हिलपर्यंतची १७ मैलांची वाट माशांना खुली झाली. २००८ साली उपनदीवरचा फोर्ट हॅलिफॅक्सचा बांधही निघाला आणि एलवाइफची मोजणी दरसाल लाखांच्या घरात जाऊ लागली.

यावरून सगळेच बंधारे वाईट, असे कोणी समजू नये. ज्याच्या पाण्यावर गाव जगते, तो राखलाच पाहिजे. पण बंधाऱ्याचाही हिशेब अधूनमधून तपासावा. गुरुजींनी मुलांना घेऊन गावच्या जुन्या बंधाऱ्यावर जावे आणि विचारावे : हा कोणी, कशासाठी बांधला? आज कोणाच्या उपयोगी पडतो? आणि याने कोणाची वाट अडली आहे?