गोरखगड

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील गिरिदुर्ग. भीमाशंकरच्या डोंगररांगेपासून सुटून कोकणाच्या बाजूला पुढे आलेला हा सुळका समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मी. उंच आहे. मुरबाडहून म्हसामार्गे पायथ्याच्या देहरी गावी जाता येते. म्हसा हे खांबलिंगेश्वराच्या यात्रेचे गाव. पौष पौर्णिमेच्या या यात्रेतील बैलबाजाराला लांबलांबचे शेतकरी येतात. तेथून गडाकडे वळणारे मात्र थोडेच.

गोरक्षनाथांनी येथे साधना केली, अशी श्रद्धा आहे. शेजारच्या सुळक्याला त्यांच्या गुरूंवरून मच्छिंद्रगड म्हणतात. तो दोराशिवाय चढता येत नाही. मोठ्या लढाईशी गोरखगडाचे नाव जोडलेले नाही. घाटवाटांवर नजर ठेवणे आणि साधूंना निवारा देणे, एवढेच त्याचे काम असावे. तटबंदीची उणीव कडेच भरून काढतात.

देहरीतून रानातली वाट चढून गेल्यावर कातळाचा टप्पा लागतो. पायऱ्या अरुंद व उंच आहेत. आधारासाठी दगडात खोबण्या केल्या आहेत. दरवाजाही अखंड कातळातून कोरून काढलेला. पुढे पाण्याची टाकी आणि कोरीव खांबांची प्रशस्त गुहा. गुहेच्या तोंडाशी चाफ्याची झाडे, त्यांच्यापलीकडे एकदम दरी आणि समोर मच्छिंद्रगड. माथ्यावर महादेवाचे लहान मंदिर व नंदी आहे, पण जागा जेमतेम. गडाचे खरे वैभव गुहेच्या ओट्यावरच आहे.

माथ्यावरून पूर्वेला अहुप्याचे कडे, उत्तरेला नाणेघाट व जीवधन, दक्षिणेला सिद्धगड दिसतो. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. पावसाळा सरताना सकाळी खालच्या दऱ्या ढगांनी काठोकाठ भरतात, तेव्हा कड्यांमध्ये समुद्राची खाडी शिरल्यासारखी दिसते. नॉर्वेच्या फियोर्डची आठवण व्हावी असाच हा देखावा. फरक एवढाच, की तेथील दऱ्या हिमनद्यांनी कोरल्या. येथे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर पावसाने व ओढ्यांनी कापले आहेत.

चढाईस हिवाळा उत्तम. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि उतरणे चढण्यापेक्षा अवघड होते. माकडांचा उपद्रव असल्याने खाण्याच्या पिशव्या उघड्यावर ठेवू नयेत.