धर्मग्राम, वर्धा जिल्ह्यातील कॅथलिक

धर्मगुरूच्या देखरेखीखाली असलेला, ठरावीक हद्दीतील श्रद्धावंतांचा समुदाय म्हणजे धर्मग्राम. त्याच्या दप्तरी बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यसंस्कार यांच्या नोंदी राहत असल्यामुळे तो उपासनेचा तसाच स्थानिक इतिहासाचाही आधार ठरतो. अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत होतो. विदर्भातील कॅथलिक कार्याला १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताने संघटित रूप दिले असून, त्याचा प्रारंभीचा कारभार फ्रान्समधील आनसीहून आलेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाकडे होता. पुढे ३१ मार्च १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन यांच्या कारकीर्दीत चांदा (आजचे चंद्रपूर) येथे स्वतंत्र धर्मक्षेत्र निर्माण होऊन ते केरळातील सिरो-मलबार परंपरेच्या कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट या संघाच्या सुपूर्द झाले. त्या परंपरेचे केरळाबाहेरील हे पहिले मिशनक्षेत्र होय, आणि ही घटना निःसंशय अधिक महत्त्वाची आहे, कारण तोवर युरोपीय धर्मगुरूंनी वाहिलेला भार येथे प्रथमच, संत टॉमसच्या प्राचीन वारशाचा अभिमान बाळगणाऱ्या भारतीय संघाने संपूर्णतः उचलला. पहिले धर्माधिकारी जनुआरियुस पालाथुरुथी हे होत. १९७७ साली चांद्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा लाभला. उपासनेत पूर्व-सिरियाक विधी पाळूनही शाळा, दवाखाने व ग्रामसेवा यांना येथे प्रार्थनेइतकेच मोल दिले जाते. गांधीजींच्या सेवाग्रामच्या वर्धा जिल्ह्यात तसे होणे उचितच आहे. प्रांताचे मुख्य मंदिर बल्लारपूर येथील सेंट थॉमस कॅथेड्रल असून प्रांताच्या हद्दीत चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे जिल्हे येतात.