करडे गावचा बहिष्कार व मुलांचा वादविवाद

नागरिकशास्त्र मुलांना नीरस वाटते, अशी आमच्या समाजातील शिक्षकबंधूंची जुनी तक्रार आहे. सातवीच्या पुस्तकात मूलभूत हक्क आहेत, आठवीच्या पुस्तकात संसद व न्यायालये आहेत. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत शिरूर व दौंड येथील सभासदांची मुले एकत्र जमली असता आम्ही पुस्तक बाजूस ठेवले व त्यांच्याच मुलखातील एक जुने प्रकरण त्यांच्यापुढे मांडले.

अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्याकडील कापसास अतोनात भाव आला होता. युद्ध संपताच तो कोसळला. सावकारांनी हात आखडता घेतला, आणि त्यातच १८६७ पासून फेरपाहणी होऊन सारा जबर वाढला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर बाबासाहेब देशमुख यांचे घर घेतले व ते पाडावयास काढले. गाव खवळले. सावकाराच्या शेतावर कोणी जाईना, पाणी कोणी भरीना, न्हावी हजामतीस येईना. अखेर सावकारांना गाव सोडावे लागले. पुढे १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे (दौंडही त्या वेळी याच तालुक्यात मोडे) जमावाने सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. सरकारने चौकशी मंडळ नेमले. १८७९ च्या कायद्याने कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला व कर्जापायी शेतकऱ्यास कैदेत टाकणे बंद झाले.

प्रश्न एकच ठेवला: करडेकरांचा बहिष्कार योग्य की अयोग्य? मुलांचे दोन गट केले, पाच जणांस न्यायाधीश नेमले, आणि अर्ध्या तासाने बाजू बदलावयास लावल्या. खरी गंमत तेथेच आहे. मघाशी देशमुखांचा कैवार घेणारी मुलगी आता सावकाराच्या बायकोमुलांची कैफियत मांडू लागली. पाणी बंद झाले ते त्यांचेही. हुकूमनामा कायदेशीर होता, मग अन्याय कोठे झाला, असे न्यायाधीशांनी विचारले. तेव्हा सहावीतील एक मुलगा उठून म्हणाला, "तो कायदा करताना कुणब्याला कोणी विचारलं होतं?" २६ जानेवारी १९५० पूर्वी आणि नंतर यांतील अंतर आम्ही तासभर बोलून इतके स्पष्ट करू शकलो नसतो.

मग पुढची हकीकत आम्ही सांगितली. मुंबई सरकारने १९४९ साली बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द ठरविला, कारण घटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने धर्मपंथांना आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क दिला आहे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला; तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. जातपंचायतीने कोणास वाळीत टाकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हे ऐकून दौंडच्या एका मुलीने मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांकडे वळून विचारले, "आपल्या पंचांनी कधी कुणाला वाळीत टाकलं होतं का?"

कोणी बोलेना. आम्हांस उत्तर ठाऊक होते. परजातीत विवाह केला म्हणून आमच्या पंचांनी एका घराशी रोटीव्यवहार तोडला होता, आणि त्या ठरावाखाली आमच्याच आजोबांची सही आहे. पंचांची ती वही संघाच्या पेटीत आजही आहे. आम्ही हे मुलांस सांगितले. पुढील सुटीत तोच ठराव वादास घ्यावयाचा, असे मुलांनीच ठरविले. त्या घरची नातवंडे शिरूरासच राहतात. त्यांना आम्ही बोलावणे धाडले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.