एका शिलिंगाचे भांडण : लंडनच्या मोरदालनाची कथा

१/ १८७६ साली लंडनमधील एका धनिकाच्या घरी जेवणाची खोली नव्याने सजवली जात होती. काम जवळजवळ संपले होते. भिंतींवर रंगाचा थोडा हात फिरवणे तेवढे बाकी होते. ते किरकोळ काम पुढे महिनोन्महिने चालले. खोलीचे रूप पार पालटले आणि मालक व चित्रकार यांची जुनी मैत्री कायमची तुटली. ‘पीकॉक रूम’, अर्थात मोरदालन, या नावाने ही खोली आज जगप्रसिद्ध आहे.

२/ घराचा मालक फ्रेडरिक लेलँड हा लिव्हरपूलचा जहाजमालक. साध्या उमेदवारीपासून सुरुवात करून त्याने अफाट संपत्ती मिळवली होती. चित्रे आणि चिनी मातीची निळी-पांढरी भांडी जमवण्याचा त्याला नाद होता. लंडनच्या प्रिन्सेस गेट भागात त्याने ४९ क्रमांकाचे घर घेतले आणि जेवणाच्या खोलीची रचना थॉमस जेकिल या वास्तुविशारदाकडे सोपवली.

३/ जेकिलने भिंतींना फुलांच्या नक्षीचे जुने सोनेरी चामडे लावले. त्यावर अक्रोडाच्या लाकडाची, जाळीसारखी नाजूक मांडणी उभारली. तिच्या खणाखणांत भांडी मांडायची होती. शेकोटीच्या वरची मानाची जागा एका चित्राला मिळाली. पौर्वात्य झगा ल्यालेल्या युवतीचे ते चित्र जेम्स मॅकनील व्हिस्लर या लंडनवासी अमेरिकन चित्रकाराचे होते.

४/ दारे आणि खिडक्यांच्या झडपा कोणत्या रंगात रंगवाव्यात, असा सल्ला जेकिलने व्हिस्लरला विचारला. चामड्यावरील लाल फुले आपल्या चित्राला मारक ठरतात, असे व्हिस्लरचे मत पडले. त्या फुलांवर पिवळ्या रंगाचा हलका हात फिरवण्यास लेलँडने संमती दिली आणि तो लिव्हरपूलला निघून गेला. इकडे जेकिल आजारी पडून कामापासून दूर झाला. खोली व्हिस्लरच्या एकट्याच्या हाती आली.

५/ मग त्याने मागे वळून पाहिले नाही. छतावर त्याने ‘डच मेटल’ चढवले. हा तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा वर्ख; दिसायला सोन्यासारखा, किमतीला मात्र स्वस्त. त्यावर मोरपिसांची नक्षी काढली. जेकिलची लाकडी मांडणी सोनेरी केली. खिडक्यांच्या उंच झडपांवर लांब पिसाऱ्यांचे सोनेरी मोर रंगवले. मालक परगावी असताना पाहुण्यांना बोलावून तो ही खोली कौतुकाने दाखवू लागला.

६/ कामाचे मोल आधी ठरलेच नव्हते. व्हिस्लरने २,००० गिनी मागितल्या. इतके काम आपण सांगितलेच नव्हते, असे लेलँडचे म्हणणे. मित्राने उपकार म्हणून हात फिरवायचा, की चित्रकाराने काम अंगावर घ्यायचे, हे दोघांनीही स्पष्ट केले नव्हते. अखेर लेलँड निम्म्या रकमेला तयार झाला. पण त्याने ती गिनीत न देता पौंडांत दिली. ठिणगी पडली ती येथे.

७/ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि गिनी म्हणजे २१. हजार गिनींचे १,०५० पौंड होतात, म्हणजे व्हिस्लरचे ५० पौंड बुडाले. पण खरी जखम वेगळीच होती. गिनीचे नाणे चलनातून केव्हाच गेले होते. हिशेबात मात्र ती शिल्लक होती. डॉक्टर, बॅरिस्टर, चित्रकार यांचे शुल्क गिनीत मोजले जाई. सुतार, रंगारी, दुकानदार यांचे बिल पौंडांत.

८/ मराठीत ‘मजुरी’ आणि ‘मानधन’ हे दोन शब्द वेगळे आहेत. रक्कम एकच असली तरी कोणता शब्द वापरला यावरून घेणाऱ्याचे स्थान ठरते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा भेद एका शिलिंगाने दाखवला जाई. लेलँडने तो शिलिंग कापला, तेव्हा व्हिस्लरला आपण रंगारी ठरवले गेल्याचे जाणवले.

९/ तरीही त्याला खोलीत येऊन काम पुरे करण्याची मुभा होती. तिचा त्याने पुरेपूर उपयोग केला. भिंतींवरचे किमती चामडे त्याने गडद निळ्या रंगाने झाकून टाकले. युवतीच्या चित्रासमोरच्या भिंतीवर त्याने झुंजणारे दोन मोर रंगवले. एकाच्या गळ्याशी रुपेरी पिसे आहेत, कारण लेलँड झालरीचे सदरे वापरी. त्याच्या पायाशी चांदीची नाणी विखुरली आहेत. दुसऱ्याच्या डोक्यावर एकच रुपेरी तुरा आहे, व्हिस्लरच्या केसांतील पांढऱ्या बटेसारखा. या चित्राला त्याने नाव दिले : ‘कला आणि पैसा’.

१०/ १८७७ च्या मार्चमध्ये व्हिस्लर त्या खोलीतून बाहेर पडला. लेलँडने भिंती पुन्हा रंगवून घेतल्या नाहीत. १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ती खोली तशीच ठेवली. आपली टिंगल करणारा तो मोर त्याच्या जेवणाच्या मेजासमोर कायम राहिला.

११/ व्हिस्लरचे दिवस मात्र फिरले. समीक्षक जॉन रस्किन याच्यावर त्याने बदनामीचा दावा लावला. १८७८ मध्ये तो जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. पुढच्याच वर्षी त्याचे दिवाळे वाजले. प्रमुख धनकोंमध्ये लेलँडचे नाव होते.

१२/ या भांडणात ज्याला एका शिलिंगाचाही वाद घालता आला नाही, तो जेकिल. त्याचे मानसिक आरोग्य ढासळले आणि १८८१ मध्ये तो वारला. खोली व्हिस्लरच्या नावे ओळखली जाते. पण तिला आकार देणारी मांडणी जेकिलचीच. सोनेरी रंगाखाली त्याचे अक्रोडाचे लाकूड आहे.

१३/ १९०४ मध्ये डेट्रॉइटचे उद्योजक चार्ल्स लँग फ्रीअर यांनी ही संपूर्ण खोली विकत घेतली. तिचे भाग सुटे करून ते अमेरिकेला नेण्यात आले. १९२३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये फ्रीअर गॅलरी उघडली, तेव्हापासून ती तेथे आहे. लेलँडचा नाण्यांवर उभा असलेला मोर आणि व्हिस्लरचा तुरेवाला मोर आजही समोरासमोर आहेत. त्यांच्यातला तो शिलिंग मात्र कधीच चुकता झाला नाही.