एकट्याच्या मासिकाचे आयुष्य

लखनौहून फैजाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे चिनहट हे एके काळचे गाव आता शहराच्या पूर्व भागात सामावून गेले आहे. ३० जून १८५७ रोजी येथे सर हेन्री लॉरेन्स याच्या फौजेचा पराभव झाला, इंग्रजांना माघार घेऊन रेसिडेन्सीत शिरावे लागले आणि तेथूनच सुप्रसिद्ध वेढ्यास आरंभ झाला. इतिहासग्रंथांत चिनहटचे नाव येते ते या एका दिवसापुरते. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा दिवस दोन प्रकारच्या नियतकालिकांमधील सीमारेषा वाटल्यास नवल नाही. अवधचे राज्य खालसा झाल्यावर १८५६ च्या जुलैमध्ये फिरंगी महालातील मौलवी मुहम्मद याकूब अन्सारी यांनी लखनौत ‘तिलिस्म’ नावाचे साप्ताहिक काढले होते. ते १८५७ च्या मे महिन्यात थांबले. पुढील मार्चात शहर पुन्हा इंग्रजांच्या हाती आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुन्शी नवलकिशोर यांनी तेथे आपला छापखाना उभा केला. त्या छापखान्यातून निघालेले ‘अवध अखबार’ नवलकिशोर यांच्या १८९५ मधील मृत्यूनंतरही चालू राहिले. एक पत्र वर्षभरही टिकले नाही, दुसरे संस्थापकाच्या आयुष्यापलीकडे गेले.

हा फरक केवळ राजकीय परिस्थितीचा होता असे म्हणून भागत नाही. नवलकिशोर हे लाहोरच्या ‘कोहिनूर’ छापखान्यात धंदा शिकून आले होते. सरकारी छपाईची कामे आणि ग्रंथविक्रीचा वाढता व्यापार यांचा आधार त्यांच्या पत्रास होता. पत्राने छापखाना पोसण्यापेक्षा छापखान्याने पत्र पोसले, असेच म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. १८७७ मध्ये ते दैनिक झाले आणि पुढच्याच वर्षी संपादकपदी आलेल्या रतननाथ सरशार यांच्या ‘फसाना-ए-आझाद’ या कथेने वाचकांना उद्याच्या अंकाची वाट पाहावयास लावले. त्याच १८७७ च्या जानेवारीत त्याच शहरात सज्जाद हुसेन यांनी ‘अवध पंच’ काढले. त्यांच्यापाशी भांडवल नव्हते, पण अकबर इलाहाबादींसारखे विनोदी लेखक होते. लेखकांच्या या मेळाव्याच्या बळावर ते पत्र १९१२ पर्यंत चालले. एकाला द्रव्याचा आधार, दुसऱ्याला संगतीचा. नियतकालिक दीर्घकाळ चालण्याचे हे दोन मार्ग लखनौमध्ये शेजारी शेजारी दिसतात.

या दोहोंपैकी एकही आधार नसताना जे नियतकालिक निघाले आणि ज्याने एका भाषेचे गद्य बदलून टाकले, त्याचे उदाहरण मात्र पुण्याचे आहे. ‘अवध पंच’च्या आधी तीन वर्षे, १८७४ च्या जानेवारीत, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. त्यांचे वय त्या वेळी तेवीस वर्षांचे होते आणि ते सरकारी शाळेत शिक्षक होते. मालेचे एकूण चौऱ्याऐंशी अंक निघाले व ते जवळजवळ सर्वस्वी त्यांनी एकट्याने लिहिले.

एकट्या लेखकाचा आवाज मराठीत त्यापूर्वी उमटलाच नव्हता असे नाही. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले तेव्हा इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांचे रकाने भरण्याचे ओझे मुख्यतः त्यांच्याच शिरावर होते. १८४० मध्ये ते पत्र बंद झाले. लोकहितवादींची शतपत्रे तर एका व्यक्तीच्या मतांची सलग मालिकाच होती. परंतु ती १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त प्रसिद्ध झाली. कागद, छपाई, वर्गणीदार आणि टपाल यांची काळजी भाऊ महाजनांची होती. लोकहितवादींनी पत्र लिहून पाठवावे एवढेच. परक्याच्या ओसरीवर बसून बोलणे आणि स्वतःचे घर बांधून त्यात रोज दिवा लावणे यांत जे अंतर आहे, ते ‘शतपत्रे’ आणि ‘निबंधमाला’ यांत आहे. विष्णुशास्त्र्यांनी पुढे लोकहितवादींवर जी कठोर टीका केली तिची चर्चा पुष्कळ झाली आहे. या व्यवहारातील अंतराकडे मात्र टीकाकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

हे घर अचानक उभे राहिलेले नाही. वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर ‘शालापत्रका’चे संपादक होते आणि मासिक कसे जुळवावे लागते हे विष्णुशास्त्र्यांनी घरातच पाहिले होते. त्याच पत्रकात त्यांनी कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु व दंडी या पाच संस्कृत कवींवर निबंध लिहिले, पुढे ते पत्रकही चालविले, आणि सरकारी पत्रकात मोकळेपणाने लिहिले तर काय होते हेही ते पत्रक बंद झाल्यावर अनुभवले. डॉ. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडिलांनी आरंभिलेले भाषांतर त्यांनी पुरे केले. म्हणजे ‘निबंधमाले’चा पहिला अंक छापावयास गेला तेव्हा लेखकाच्या हाताला वळण लागलेले होते. त्यांच्या मनात मजकुराचा एवढा साठा होता की पहिल्या वर्षी त्यांना विषय शोधावा लागला नसावा. पहिला अंक काढण्यास हौस पुरते, बारावा काढण्यास हौसेपूर्वी केलेले वाचन लागते.

जॉन्सन हा विष्णुशास्त्र्यांचा केवळ आवडता ग्रंथकार नव्हता, तो त्यांचा व्यवसायातील पूर्वसूरी होता. १७५० ते १७५२ या दोन वर्षांत जॉन्सनने ‘रॅम्बलर’चे २०८ अंक आठवड्यातून दोनदा या नेमाने काढले आणि त्यांतील मोजके वगळता सर्व स्वतः लिहिले. त्याआधी अॅडिसन आणि स्टील या दोघांनी मिळून ‘स्पेक्टेटर’ चालविला होता. तो दैनिक होता आणि १७११-१२ मध्ये त्याचे ५५५ अंक निघाले. पण या इंग्रजी पत्रांचा निबंध एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपे. चहाच्या पेल्याबरोबर तो वाचून होई. ‘निबंधमाले’ने हा आकार स्वीकारला नाही. तिचा निबंध एका अंकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात वाहत जातो, ‘डॉ. जॉन्सन’ आणि ‘मोरोपंतांची कविता’ यांसारखे विषय महिनोन् महिने चालतात. व्यापाराच्या दृष्टीने हा दोष मानला जाईल, कारण मध्येच वर्गणीदार झालेल्या वाचकाच्या हाती शेपूट येते, डोके येत नाही. तथापि विष्णुशास्त्र्यांचे गद्य घडले ते याच मोकळ्या जागेत. विरोधकाचे म्हणणे मांडावयाचे, त्याचा एकेक सांधा सुटा करावयाचा, मध्येच उपहासाचा फटकारा द्यावयाचा आणि मग मूळ मुद्द्याकडे सावकाश परतावयाचे, ही त्यांची लांब वाक्यांची चाल चार पानांत मावणारी नव्हती. उलट ‘गर्व’ किंवा ‘संपत्तीचा उपभोग’ यांसारखे आटोपशीर निबंध वाचताना इंग्रजी नमुन्याची सावली अधिक जाणवते. त्यांत विष्णुशास्त्री आहेत, पण त्यांना भांडावयास कोणी मिळालेले नाही.

मालेच्या टिकण्याचे खरे रहस्य येथे आहे असे वाटते. विषयांची यादी पाहिली तर ती विस्कळीत भासते. लेखनशुद्धि, भाषापद्धति, वाचन, वक्तृत्व, इतिहास, लोकभ्रम, विद्वत्त्व आणि कवित्व. कशाचा कशाशी संबंध नाही. परंतु या सर्वांखाली एकच वाद अखंड चालू आहे. इंग्रजी शिकलेल्या माणसाने स्वतःच्या भाषेविषयी व भूतकाळाविषयी लाज बाळगावी काय, हा तो वाद. पहिला निबंध ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिति’ आणि शेवटचा ‘आमच्या देशाची स्थिति’. दोन्ही टोकांना तोच ‘स्थिति’ हा शब्द यावा हा योगायोग असेल. पण भाषेच्या अवस्थेपासून निघालेला लेखक सात वर्षांनी देशाच्या अवस्थेपाशी पोहोचला, हा योगायोग नव्हे. वाचक अंक मागत राहिला तो विषयाच्या नवलाईसाठी नव्हे. या वादात पुढच्या महिन्यात कोणावर पाळी येते हे त्याला जाणून घ्यावयाचे होते.

या काळात उपजीविका नोकरीवर चालली होती हे विसरता येणार नाही. सरकारच्या पगारावर जगून सरकारी शिक्षणपद्धतीवर शस्त्र धरणे ही परिस्थिती फार काळ टिकणारी नव्हती. त्यांची बदली रत्नागिरीस झाली. पुण्यातील मंडळी व पुण्यातील व्याप सोडून घाटाखाली राहून मासिक चालविणे म्हणजे काय, याची कल्पना कोकणात रेल्वे नसलेल्या त्या काळाचा नकाशा पाहिल्यावर येते. १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. त्यापाठोपाठ १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ व ‘केसरी’. आर्यभूषण छापखाना, चित्रशाळा, किताबखाना, ‘काव्येतिहाससंग्रह’ हे उद्योग होतेच. दरमहा एक या हिशेबाने मालेचे चौऱ्याऐंशी अंक १८८० च्या डिसेंबरातच पुरे व्हावयास हवे होते. मालेची समाप्ती मात्र १८८१ मध्ये मानली जाते. शेवटच्या काळात तिची तारीख मागे पडत गेली, ती लेखक थकला म्हणून नव्हे. त्याला आता संगत मिळाली होती आणि ती त्याचा वेळ खात होती. एकट्याचे मासिक एकटेपणावर जगते ही गोष्ट थोडी क्रूर वाटेल, पण टिळक-आगरकरांच्या सहवासात आल्यावर विष्णुशास्त्र्यांना मालेची पूर्वीइतकी गरज उरली नाही.

या एकटेपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या पत्रात लेखक, संपादक व चालक एकच असतो तेथे त्याचा हात धरणारा कोणी नसतो. जोतीराव फुले यांच्या ग्रंथांचा ‘निबंधमाले’ने जो समाचार घेतला तो याचा पुरावा आहे. फुल्यांच्या व्याकरणावर आणि शुद्धलेखनावर पाने खर्ची पडली; ‘गुलामगिरी’ने १८७३ मध्ये विचारलेल्या मूळ प्रश्नास मात्र हात लागला नाही. जो लेखक विरोधकाचा एकेक सांधा सुटा करण्यात वाकबगार होता तो येथे सांध्यापर्यंत गेलाच नाही. ‘निबंधमाले’चा गौरव करताना या पानांवरून डोळे मिटून पुढे जाण्याची जी प्रथा पडली, ती टीकाशास्त्रात बसत नाही. कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’ १८७७ पासून दुसरी बाजू मांडीत होते, पण मालेच्या वाचकवर्गाच्या हाती ते कितीसे पडत असेल? स्वतः फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढले. त्याचे दोनच अंक निघाले. आणि १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले तेव्हा रकान्यांमागून रकाने त्यांना स्वतःच्याच लेखणीने भरावे लागले. १९२९ च्या नोव्हेंबरात ते पत्र थांबले. विष्णुशास्त्र्यांचे एकटेपण स्वेच्छेचे होते, हे एकटेपण लादलेले होते. दोन्ही ठिकाणी रकाना एकाच हाताने भरला गेला, एवढ्यावरून त्यांची तुलना करणे अन्यायाचे ठरेल.

दीर्घायुषी ठरली ती मराठी मासिके निराळ्या प्रकृतीची होती. १८६७ मध्ये निघालेले ‘विविधज्ञानविस्तार’ सत्तर वर्षे चालले, कारण रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनंतर ते इतरांच्या हाती जाऊ शकले. जळगावच्या नारायण नरसिंह फडणिसांनी ‘काव्यरत्नावली’ १८८७ पासून १९३५ पर्यंत चालविली. केवळ कवितेचे मासिक अठ्ठेचाळीस वर्षे चालविणे ही गोष्ट आजही अचंबा वाटावा अशी आहे. पण तेथे संपादक बाजूला उभा होता आणि पाने कवींची होती. मराठी घरातून आलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ते तीन वर्षांत बंद पडले. तरी पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणणारा हात त्या तीन वर्षांतच तयार झाला असला पाहिजे. बंद पडलेल्या मासिकाचा हिशेब वर्गणीच्या वहीवरून करू जाता अशी जमेची बाजू नजरेतून सुटते.

विष्णुशास्त्री १७ मार्च १८८२ रोजी वारले. त्या वेळी ते बत्तीस वर्षांचेही नव्हते. अंक एकत्र बांधून ‘निबंधमाला’ ग्रंथरूपाने वाचली जाऊ लागली. क्रमशः प्रसिद्ध झालेल्या निबंधांची लांबी, जी वर्गणीदाराला त्रासाची होती, तीच आता ग्रंथाच्या वाचकाला सोयीची झाली. पहिल्या अंकाच्या वेळी शाळेत असलेल्या मुलांची मुले तिच्यावरून मराठी लिहावयास शिकली. १९१० साली मुंबई सरकारने ‘आमच्या देशाची स्थिति’ हा निबंध जप्त केला. मासिक थांबून तेव्हा सुमारे तीस वर्षे झाली होती आणि लेखक त्याहून थोडाच कमी काळ मृत होता. ती बंदी उठण्यास १९३७ साल उजाडावे लागले.