गोठा, जनावरे आणि वीज : संरक्षणाचे शास्त्र

महाराष्ट्रात एप्रिल ते जून या वळवाच्या काळात आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात विजांचा धोका सर्वाधिक असतो. मराठवाडा व विदर्भात दरवर्षी याच दिवसांत माणसे आणि जनावरे दगावतात. छपरावर एक दांडा उभारला की गोठा सुरक्षित झाला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जनावरांना असलेला मोठा धोका छपरावरून नव्हे, तर जमिनीतून येतो.

जमिनीतील प्रवाह

वीज जमिनीत शिरते तेव्हा आघाताच्या जागेपासून दूर जाताना विद्युतदाब झपाट्याने उतरत जातो. त्यामुळे जवळजवळच्या दोन ठिकाणी दाब वेगवेगळा असतो. गाय-बैलांच्या पुढच्या व मागच्या पायांत सुमारे दीड मीटर अंतर असते. प्रवाह एका बाजूने शिरून छातीतून, हृदयावरून दुसऱ्या बाजूस जातो. माणसाची पावले जवळ असल्याने त्याच जागी तो कधी कधी वाचतो. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतील हार्डांगरविड्डा पठारावर विजेने ३२३ रेनडियर मृत्युमुखी पडले, त्यामागेही जमिनीतील प्रवाह हेच कारण मानले जाते.

झाडाखाली बांधलेली जनावरे म्हणूनच सर्वाधिक धोक्यात असतात. झाडाच्या मुळांभोवती प्रवाह पसरतो आणि खोडावरून शेजारच्या जनावराकडे ठिणगीही झेपावते.

गोठ्याची रचना

वीजरोधक व्यवस्थेचे तीन भाग असतात : वीज झेलणारा दांडा, ती खाली नेणाऱ्या वाहक पट्ट्या आणि जमिनीतील अर्थिंग. पट्ट्या किमान दोन, इमारतीच्या समोरासमोरच्या बाजूंना आणि तीव्र वळणे न घेता उतरवाव्यात. दावण आणि दार यांपासून त्या शक्यतो तीन मीटर दूर असाव्यात. तेथे जमिनीवर १५ सेंटीमीटर जाडीचा खडीचा थर दिल्यास धोका घटतो.

पत्र्याचे छप्पर वीज ओढून घेते, हा समज चुकीचा आहे. मात्र अर्थिंग नसलेला पत्रा धोकादायक ठरतो. लोखंडी खांब, गव्हाणी, पाण्याचे नळ आणि दूध काढण्याचे यंत्र हे सर्व त्याच अर्थिंगला जोडलेले असावे, म्हणजे त्यांच्यात ठिणगी उडत नाही. विजेच्या जोडणीवर व कूपनलिकेच्या पंपावर सर्ज संरक्षक बसवावा. तारेचे कुंपणही ठरावीक अंतरावर जमिनीशी जोडावे. अन्यथा दूर पडलेली वीज तारेतून जनावरांपर्यंत येते.

काम करवून घेताना

एकच खांब संपूर्ण शेताचे रक्षण करील, अशी जाहिरात केली जाते. भारतात लागू असलेल्या आयएस/आयईसी ६२३०५ या मानकानुसार संरक्षित क्षेत्र दांड्याच्या प्रत्यक्ष उंचीवरून व जागेवरून ठरते, विक्रेत्याच्या दाव्यावरून नव्हे. परदेशातून पैसे पाठवणाऱ्यांनी छायाचित्रावर समाधान न मानता अर्थिंगच्या रोधाची मोजणी मागावी. ती साधारणतः १० ओहमपेक्षा कमी असावी. मुरमाड, कोरड्या जमिनीत त्यासाठी अधिक दांडे पुरावे लागतात. ही तपासणी दरवर्षी वळवापूर्वी व्हावी.

वादळाच्या वेळी

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप परिसरातील विजांची सूचना देते. सूचना मिळताच जनावरे झाड व कुंपणापासून दूर हलवावीत. गडगडाट ऐकू येऊ लागल्यावर मात्र दावे सोडायला कोणी बाहेर पडू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे.

जनावर दगावल्यास मृतदेह न हलवता तलाठी व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाविना शासकीय मदतीचा दावा टिकत नाही.