विद्यार्थी पत्रकार आणि समाजमाध्यमे : उपयोग, पडताळणी व कायदा

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांपाशी वार्ताहरांचे जाळे नसते आणि शासकीय अधिस्वीकृतीही नसते. ही उणीव समाजमाध्यमांनी बऱ्याच अंशी भरून काढली आहे. परीक्षेच्या वेळापत्रकातील घोळ, रखडलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहातील पाणीटंचाई यांची पहिली चाहूल आज व्हॉट्सॲप गटांत किंवा इन्स्टाग्रामवर लागते. मात्र चाहूल म्हणजे बातमी नव्हे.

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील 'ऑनवर्ड स्टेट' या विद्यार्थी संकेतस्थळाने २१ जानेवारी २०१२ रोजी रात्री ख्यातनाम फुटबॉल प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचे निधन झाल्याचे ट्विटरवर जाहीर केले. 'सीबीएस स्पोर्ट्स'नेही ते वृत्त दिले. कुटुंबीयांनी थोड्याच वेळात त्याचा इन्कार केला; पॅटर्नो यांचे निधन प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी झाले. बातमीचा आधार असलेला ईमेल बनावट होता आणि तिला दुजोरा देणाऱ्या सहकाऱ्याकडे विश्वसनीय माहिती नव्हती. संकेतस्थळाच्या व्यवस्थापकीय संपादकाने जाहीर माफी मागून त्याच रात्री पद सोडले. दोन जणांनी सांगितले म्हणजे दोन स्वतंत्र स्रोत झाले असे नाही, हा या घटनेचा धडा होय.

त्यामुळे पडताळणीचा आरंभ मूळ नोंदीच्या शोधापासून होतो. एकच मजकूर शंभर खात्यांवर दिसला, तरी स्रोत एकच असू शकतो. व्हॉट्सॲपवरील दुहेरी बाणाची खूण संदेश अनेकदा पुढे पाठविला गेल्याचे दर्शविते. छायाचित्र जुने आहे का, हे प्रतिमाशोधाने तपासता येते. दुकानांच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक व हवामान यांवरून स्थळकाळाचा अंदाज बांधता येतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या छायाचित्रात वेळ व स्थळाच्या तांत्रिक नोंदी सहसा उरत नाहीत. म्हणून मूळ फाइल मागवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद करणाऱ्याशी प्रत्यक्ष बोलून, त्याने घटना स्वतः पाहिली की ऐकली, हे विचारावे. अंतिम दुजोरा समाजमाध्यमाबाहेरील असावा : कागदपत्र, अधिकारी वा प्रत्यक्षदर्शी.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिले होते. तथापि बदनामीविषयीची तरतूद भारतीय न्याय संहितेत कायम आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास याच संहितेचे कलम ७२ प्रतिबंध करते. अत्याचारग्रस्त बालकांबाबत 'पॉक्सो' कायद्याचे कलम २३ लागू होते. हे निर्बंध वैयक्तिक खात्यावरील मजकुरालाही लागू ठरू शकतात. इतरांचे छायाचित्र वापरताना परवानगी घ्यावी व श्रेय द्यावे.

चूक झाल्यास मजकूर गुपचूप पुसून टाकणे पुरेसे नसते, कारण त्याची चित्रप्रत आधीच पसरलेली असते. काय चुकले व योग्य माहिती कोणती, हे त्याच माध्यमावर ठळकपणे सांगणे हीच खरी दुरुस्ती.